स्वदेशीही आणि करारही? पंतप्रधानांचं आर्थिक धोरण, सोलापूरच्या टॉवेलावरून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखानदाराकडे बसलो होतो. चार पिढ्या विणकामात गेलेलं घर. आत माग धडधडत होते, म्हणून आम्ही चहा घेऊन बाहेर ओट्यावर आलो. हातातला पेपर माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "एकीकडं स्वदेशी घ्या म्हणालेत. दुसरीकडं इंग्रजांबरोबर करार, युरोपाबरोबर करार करालेत. आता आमी नेमकं काय समजायचं ओ?"

त्यांचा टॉवेल परदेशात जातो आणि त्यांचं घर इथल्या बाजारावरही चालतं, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या पोटाचा आहे. आत्मनिर्भर भारत म्हणणारे नरेंद्र मोदी मुक्त व्यापाराचे करार का करतात? हे दोन्ही एकाच धोरणात बसतं का? आणि बसत असेल तर त्यातून सोलापूरच्या मागाला काय मिळतं? त्या ओट्यावर अर्धवट राहिलेलं उत्तर इथे नीट मांडतो.

आधी जकात नाका आठवा

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. बाहेरगावचा माल आत यायचा तर आधी जकात भरा. ती भरायचा व्यापारी, पण वसूल व्हायची गिऱ्हाइकाकडून, कारण तेवढी किंमत वाढायची. आयात शुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरचा असाच नाका. फरक एवढाच, की कोणत्या देशाच्या मालाला किती जकात लावायची हे तिथलं सरकार ठरवतं.

युरोपीय संघात टेरी टॉवेलावर १२ टक्के शुल्क आहे. म्हणजे आपला शंभर रुपयांचा टॉवेल तिथल्या बंदरात उतरला की एकशे बाराचा होतो. पाकिस्तानला युरोपाने २०१४ पासून खास सवलत दिली आहे. बांगलादेश अतिमागास देशांच्या यादीत असल्यामुळे त्यालाही सवलत मिळते. या दोघांचा टॉवेल तिथे शून्य शुल्काने उतरतो. विणकर तितकाच कसबी आणि धागा तितकाच चांगला असूनही आपण बारा पावलं मागे उभे राहून शर्यत सुरू करतो. सोलापूरची टेरी टॉवेल आणि चादर या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण नाक्यावरचा माणूस मानांकन विचारत नाही, तो दर लावतो.

हा दर कमी करून घ्यायचा मार्ग म्हणजे मुक्त व्यापार करार. दोन देश बसून ठरवतात: तुमच्या अमुक वस्तूंवरची जकात आम्ही काढतो, आमच्या तमुक वस्तूंवरची तुम्ही काढा. नावात 'मुक्त' असलं तरी सगळं मुक्त होत नाही. लग्न ठरवताना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद्या करतात ना, हे तसंच आहे. काय द्यायचं, काय नाही, आणि कधी द्यायचं, यावरच सगळी ओढाताण होते.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. २४ जुलै २०२५ ला मोदी आणि पंतप्रधान कीर स्टार्मर यांच्या उपस्थितीत करारावर सह्या झाल्या. आपल्याकडून जाणाऱ्या जवळपास ९९ टक्के प्रकारच्या मालावरचं शुल्क तिकडे जाणार, त्यात कापडही आलं. बदल्यात स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० वर येणार. दूधदुभतं मात्र आपण यादीबाहेर ठेवलं. युरोपीय संघाशी २००७ ला सुरू झालेली बोलणी मध्ये बरीच वर्षं बंद होती, ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. बोलणी पूर्ण होणं वेगळं, सही वेगळी आणि अंमल वेगळा, हेही इथेच ध्यानात ठेवायला हवं. पेपरात मथळा आला म्हणून दुसऱ्या दिवशी बंदरावरचा दर बदलत नाही.

मोदी नेमकं काय म्हणतात

त्यांची भाषणं ओळीने लावून पाहिली की गोंधळ का होतो ते कळतं.

जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जगभरच्या उद्योगपतींपुढे त्यांनी जगासमोरचे तीन मोठे धोके सांगितले: हवामान बदल, दहशतवाद आणि देशांनी आपापली दारं लावून घेणं. त्यानंतर दहा दिवसांच्या आत आलेल्या अर्थसंकल्पात त्यांच्याच सरकारने मोबाइल फोनवरचं आयात शुल्क १५ वरून २० टक्के केलं. दारं लावू नका असं जगाला सांगायचं आणि घरी एक खिडकी बंद करायची, अशी टीका तेव्हा झाली. ती टीका मला रास्त वाटते.

१२ मे २०२० ला, टाळेबंदीत घरात अडकलेल्या देशाला त्यांनी आत्मनिर्भर भारत हा शब्द दिला आणि २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आत्मनिर्भरता म्हणजे आत्मकेंद्रितपणा नव्हे, हेही त्याच भाषणात होतं. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा विसरले.

सगळ्यात नेमकी व्याख्या त्यांनी केली ती २६ ऑगस्ट २०२५ ला, गुजरातच्या हंसलपूरमध्ये मारुती सुझुकीच्या कारखान्यात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: पैसा डॉलर असो की पाउंड, कोणाचा आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, उत्पादनात घाम माझ्या देशवासीयांचा असला पाहिजे. म्हणजे जपानी कंपनीची गाडीही इथल्या हातांनी बनली तर त्यांच्या हिशेबात ती स्वदेशी.

सोलापूरकराच्या कानाला ही व्याख्या नवखी वाटणार, आणि त्याला कारण आहे. स्वदेशी हा शब्द या शहराने ज्या किमतीला घेतला ती किंमत वेगळी होती. १९३० च्या मे महिन्यात इथून इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला होता, मग लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्या पिढीसाठी स्वदेशी म्हणजे परक्या कापडाची होळी. परका माल आणि परकी सत्ता यांत तेव्हा अंतरच नव्हतं. आजच्या पंतप्रधानांच्या स्वदेशीत परक्याचं भांडवल चालतं, परक्याचं गिऱ्हाईक तर हवंच असतं, फक्त काम इथे व्हावं असा आग्रह आहे. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. हे एकदा लक्षात आलं की करार आणि स्वदेशी यांतला विरोध निम्मा विरघळतो.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनश्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेला करार पाहा. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात पंधरा वर्षांत भारतात १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणण्याचं उद्दिष्ट त्या देशांकडून लिहून घेतलं आहे. पैसा तुमचा, घाम आमचा, ही मांडणी तिथे कराराच्या भाषेत उतरली आहे.

मग आशियातल्या मोठ्या कराराला नकार का दिला?

हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये मोदींनी आरसेप नावाच्या करारातून माघार घेतली. आग्नेय आशियातले दहा देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असा तो गट. गांधीजींनी सांगितलेला ताईत, म्हणजे निर्णय घेताना सगळ्यात गरीब माणसाचा चेहरा आठवा, त्याचा दाखला देऊन ते म्हणाले होते की माझा विवेक मला परवानगी देत नाही.

भावनेच्या मागे रोकडा हिशेबही होता. चीनकडून आपण जेवढं घेतो त्याच्या मानाने विकतो फारच थोडं. २०२४-२५ मध्ये ही तूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. चीन जे बनवतो तेच आपणही बनवू पाहतो, शिवाय तो ते प्रचंड प्रमाणात आणि स्वस्त बनवतो. एका गल्लीत दोन भेळवाले असतील तर त्यांनी एकमेकांचे गिऱ्हाईक होऊन भागत नाही. युरोप किंवा ब्रिटन टॉवेल विणून आपल्या बाजारात आणून टाकणार नाहीत. ते यंत्रं, गाड्या, दारू, रसायनं विकतील आणि आपल्याकडून कापड, चामडं, कोळंबी, दागिने घेतील. ते भेळवाले नाहीत, ते गिऱ्हाईक आहेत.

दुसरं कारण आम्हा सोलापूरकरांना चटकन समजेल. आपली चादर म्हणून दुसरीकडे विणलेली चादर विकली जाते, पिशवीवर नाव सोलापूरचं आणि वीण भलतीच, हे दुःख इथल्या प्रत्येक चादरवाल्याला ठाऊक आहे. देशांच्या व्यापारात हेच होतं. करार एका देशाशी असतो, माल तिसऱ्याच देशाचा येतो, फक्त मधल्या देशात लेबल बदलून. ते रोखण्यासाठी प्रत्येक करारात उगमाचा नियम असतो: वस्तूचा किती हिस्सा करारातल्या देशात तयार झाला पाहिजे, याची अट. आग्नेय आशियातल्या देशांशी आपला करार २०१० पासून आहे आणि त्यात ही पळवाट वापरली जाते अशी तक्रार बरीच वर्षं होती. सप्टेंबर २०२० पासून सरकारने तपासणीचे नियम कडक केले, आयातदारालाच पुरावा ठेवायला लावला. माझ्या मते हे पाऊल भाषणांपेक्षा मोलाचं होतं, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

तिसरं कारण दूध. सांगोला, पंढरपूर, माळशिरसकडे दोन म्हशी आणि एक गाय एवढ्यावर वर्षाचा खर्च काढणारी घरं आहेत. न्यूझीलंडची दूध पावडर शुल्काविना आली असती तर दूध संघाचा दर किती पडला असता, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुढे न्यूझीलंडशी वेगळा करार ठरला, तेव्हा दूधदुभतं बाहेर ठेवूनच बोलणी झाली.

हे म्हणजे जुनंच लायसन्स राज नव्हे का?

हा आक्षेप गंभीर आहे. देशी उद्योगाला भिंत बांधून वाढवायचं हा प्रयोग आपण १९९१ पर्यंत केला. भिंतीआडचा उद्योग आळशी होतो, माल महाग आणि सुमार मिळतो, हे आपण भोगलं आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या आकड्यांनुसार भारताचं सरासरी आयात शुल्क २०१४ मध्ये साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१८ पर्यंत सतरावर गेलं. म्हणजे भिंत पुन्हा थोडी वर चढली होती.

सरकारची बाजू अशी, की ही भिंत कायमची नाही, हा पांगुळगाडा आहे. पोर चालायला शिकेपर्यंत धरायला द्यायचा, मग काढून घ्यायचा. मोबाइलच्या बाबतीत तसं काही अंशी घडलं. कारखाने आले, निर्यात वाढली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये शुल्क पुन्हा १५ टक्क्यांवर आणलं. पण पांगुळगाडा कधी काढायचा हे आधी ठरलेलं नसेल तर पोर त्यालाच पाय समजू लागतं.

खरी पंचाईत वेगळ्याच ठिकाणी आहे. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क लागलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला आधार, हा हेतू. पण कापूस महाग झाला की सूत महागतं, सूत महागलं की आपल्या टॉवेलाचा भाव चढतो, आणि मग तोच टॉवेल बाहेर पाकिस्तानच्या टॉवेलापुढे हरतो. २०२२ मध्ये काही महिने हे शुल्क काढलं, पुन्हा लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. शेतकरी म्हणाला आमचा भाव पाडला, गिरणीवाला म्हणाला मुदत अपुरी आहे. दोघंही खरं बोलत होते. कारखानदाराला ११ टक्के असले तरी हिशेब बसवता येतो, शून्य असले तरीही येतो. तीन महिन्यांनी काय असेल तेच माहीत नसेल तर सहा महिन्यांची ऑर्डर तो कोणत्या भावाने घेणार?

कांद्याचं दुखणं याहून मोठं. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी देशभर ओळखली जाते, हंगामात यार्डात पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, म्हणजे इथे नाका उलटा, बाहेर जाणाऱ्या आपल्याच मालावर. ऑक्टोबरमध्ये किमान निर्यात भाव ठरवला. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये अटींसह खुली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा यासाठी हे केलं, आणि ती चिंता खोटी नव्हती. पण परदेशातला व्यापारी वीस महिने असा झोपाळा पाहतो आणि दुसरा पुरवठादार शोधतो. तो गेला की गोड बोलून परत येत नाही. जगाला 'आम्ही भरवशाचे भागीदार आहोत' असं पंतप्रधान सांगतात, ते मनापासून सांगत असतील, पण भरवसा यार्डातल्या त्या वीस महिन्यांत तपासला जातो. या धोरणातला सगळ्यात कच्चा दुवा मला इथे दिसतो.

अमेरिकेने ५० टक्के लावले, तेव्हा सहकार्य कुठे गेलं?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. टॉवेलावर तिथे मुळातच सुमारे ९ टक्के होतं, त्यावर हे. पुढे वाटाघाटी होऊन हा दर खाली आला, पण ते महिने इथल्या निर्यातदारांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक.

मोदींची भूमिका त्या वेळी ठाम होती. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्याची वैयक्तिक किंमत मोजावी लागेल हे मला माहीत आहे, असं ते ७ ऑगस्टला दिल्लीत म्हणाले. दुधाचं दार अमेरिकेसाठी उघडलं असतं तर टॉवेलाला सवलत लवकर मिळाली असती का? कदाचित. म्हणजे सांगोल्याच्या गोठ्यासाठी अक्कलकोट रोडच्या मागाने झळ सोसली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण दुधावर जगणारी घरं कितीतरी जास्त आहेत आणि गोठा एकदा मोडला की पुन्हा उभा राहत नाही. पण ज्याने झळ सोसली त्याला पाठबळ मिळायला हवं, हेही तितकंच खरं.

एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हा धडा मात्र त्यातून पक्का झाला. ब्रिटन आणि युरोपच्या करारांकडे या नजरेने पाहिलं तर त्यांची घाई समजते. सप्टेंबर २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० बैठकीत आफ्रिकी महासंघाला कायम सदस्य करून घेण्यामागेही दूरचा हिशेब आहे: उद्याचे गिऱ्हाईक आणि उद्याचे मतदानातले सोबती, दोन्ही तिथे आहेत.

करार झाला, आता माझ्या मागाला काय?

ओट्यावरचा खरा प्रश्न हा होता, आणि उत्तर सरळ नाही.

बारा टक्के शुल्क गेलं म्हणजे बारा टक्के विणकराच्या खिशात आले असं होत नाही. तिकडचा मोठा खरेदीदार पहिल्याच बैठकीत म्हणेल, शुल्क वाचलं ना, मग भाव कमी करा. किती त्याच्याकडे जाईल आणि किती आपल्याकडे राहील, हे ताकदीवर ठरतं. ज्याच्याकडे चार गिऱ्हाइकं आहेत तो वाटा राखतो, ज्याच्याकडे एकच आहे तो देऊन टाकतो.

मग कागद आला. सवलत हवी तर उगमाचं प्रमाणपत्र हवं, सूत कुठलं याची नोंद हवी. रंगात कोणती रसायनं, सांडपाणी कुठे जातं, कामगाराला किती तास राबवता, हे युरोपचा खरेदीदार विचारतोच. शुल्काची भिंत पडली तरी ही दुसरी भिंत उभी असते. शंभर मागांचा कारखाना त्यासाठी माणूस नेमू शकतो, आठ मागांचा माणूस स्वतःच मुकादम, स्वतःच हिशेबनीस.

सरकारी मदतीचा आकारही त्याच्या मापाचा नाही. कापड उद्योगासाठी उत्पादनावर प्रोत्साहन देणारी १०,६८३ कोटींची योजना आली, पण ती कृत्रिम धाग्याच्या आणि तांत्रिक कापडासाठी. त्यातही सुरुवातीला किमान १०० कोटींच्या गुंतवणुकीची अट. सुती टॉवेल विणणारा सोलापूरचा छोटा कारखानदार दोन्ही उंबऱ्यांवर अडला. महाराष्ट्राला मिळालेला मोठा वस्त्रोद्योग पार्क अमरावतीला गेला. कापूस तिकडे आहे, त्यामुळे तक्रार नाही, पण टेरी टॉवेल इथे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मोदी सोलापुरात आले होते. कुंभारीच्या रे नगरमध्ये १५ हजार घरांच्या चाव्या देण्यात आल्या, यंत्रमाग कामगारांना, विडी वळणाऱ्या बायकांना, कचरा वेचणाऱ्यांना. बँकॉकमध्ये आठवलेला तो गांधीजींच्या ताईतातला चेहरा या घरांत राहतो. त्या घरातल्या माणसाचा माग आठवड्यातून किती दिवस चालतो, यावर त्या घराची वीज भरली जाते. म्हणून छोट्यांना एकत्र आणून एकच चाचणी केंद्र, एकच कागदपत्रांची खिडकी, एकच निर्यात कार्यालय उभं करणं हे काम मला कराराच्या सहीइतकंच मोठं वाटतं. ते दिल्लीत बसून होणार नाही, ते इथे, कारखानदारांच्या संघटनेने आणि राज्य सरकारने करायचं आहे.

आणि वेळ मोजकी आहे. बांगलादेश २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्यानंतरही युरोप त्याला आणखी तीन वर्षं शून्य शुल्क देईल, म्हणजे २०२९ पर्यंत. मी हे सांगितलं तेव्हा त्या कारखानदारांनी पेपरच्या कोपऱ्यावर पेनने तो आकडा लिहून घेतला. मग आतून कोणीतरी बीम बदलायला हाक मारली आणि ते उठून गेले.